दोन जीबीचा मोर

"आता तुझा हात पुढं कर, अक्का."

राखी बांधून झाली होती, पेढा भरवून झाला होता आणि मी ओवाळणीसाठी तळहात पसरून बसले होते. श्रीधरने तो हात उलटा केला आणि मनगटात एक नारिंगी रबरी पट्टा चढवला. जाडसर, गुळगुळीत, मध्ये एक चंदेरी चकती.

"हे काय? दवाखान्यात पेशंटला घालतात तसलं?"

"पेनड्राईव्ह हाय. दोन जीबी. हातात घालायचा. जिथं जाशील तिथं तुझं सगळं काम तुझ्याबरोबर."

"मी कुठं जाते रे? गॅसपासून कंप्युटरपर्यंत. सात पावलं."

अम्मा पदराआड हसली. श्रीधर हसला नाही. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पुण्यात कंप्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता, आणि सोलापूरला येताना दरवेळी अंगावर घालायचं काहीतरी घेऊन यायचा. दिवाळीला घड्याळ आणलं. त्याच्या पट्ट्यात गाणी मावायची, फोटो मावायचे, फक्त वेळ बरोबर नसायची. संक्रांतीला गाणारा गॉगल आणला. अम्मा तो घालून दोन दिवस सुताच्या कांड्या भरत बसली आणि आम्ही हाका मारून मारून थकलो. त्याआधी एक लॉकेट होतं, त्याने पहिल्याच आंघोळीत जीव सोडला. अंगावर घालायची वस्तू जर आंघोळीला चालत नसेल तर ती अंगावर कशाला, असा माझा साधा प्रश्न होता.

"या टायमाला चेष्टा नको," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता नानांचा मोर यात टाक."

नाना म्हणजे आमचे वडील, अंबादास चिट्याल. आम्ही पद्मशाली, विणकरांचं घर. घरातलं बोलणं निम्मं तेलुगू आणि निम्मं सोलापुरी. नानांनी तीस वर्षं एकाच यंत्रमागावर चादरी विणल्या. चादरी तर सोलापुरात गल्लोगल्ली विणल्या जातात, पण मोराची चादर फक्त नानांची. तळ्याकाठी समोरासमोर दोन मोर, मध्ये एक कमळ आणि पिसारे थेट काठापर्यंत गेलेले. अठ्ठावीस वर्षांचे असताना त्यांनी तो मोर आलेखाच्या कागदावर स्वतः काढला आणि त्याचे पुठ्ठे पाडून घेतले. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक आलं की दोरा उचलला जातो, कोरं आलं की तसाच राहतो, आणि त्यातून खाली नक्षी उमटते. मोराला असे बाराशे चाळीस पुठ्ठे लागायचे.

मग नानांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. औषध नाही, हळूहळू कमी होत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. संक्रांतीनंतर त्यांनी माग विडी घरकुल वस्तीतल्या दावलभाईंना देऊन टाकला. दावलभाई साधे टॉवेल विणायचे, त्यांना पुठ्ठ्यांचं काम नव्हतं. ते घरातच राहिले, एका खाटेची जागा अडवून.

मी तोपर्यंत क्लास लावून कंप्युटरवर नक्षी करायला शिकले होते. दोन-तीन कारखान्यांसाठी टॉवेलचे काठ करायची. मोर कंप्युटरात घालायचा हे माझ्याच डोक्यातून निघालं. चार महिने रोज दुपारी नाना एकेका पुठ्ठ्यावरून बोट फिरवत म्हणायचे, "भोक, भोक, कोरं, भोक, कोरं, कोरं," आणि मी बटणं दाबायची. पुठ्ठ्यांच्या धुळीने मला शिंकांवर शिंका. शिंक आली की नाना बोट जागेवर धरून थांबायचे आणि मी नाक पुसून तयार झाले की पुढे सरकायचे.

शेवटचा पुठ्ठा झाला त्या दिवशी अम्माने विचारलं, "आता ह्या ढिगाचं काय?"

"घे बंबाला," नाना म्हणाले. "मोर आता कंप्युटरात हाय."

अख्खा ज्येष्ठ आणि आषाढ आम्ही मोरावर तापवलेल्या पाण्याने आंघोळी केल्या.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एमआयडीसीतल्या कोंडाशेठनी नवीन मशीन घेतलं होतं. त्याला पुठ्ठे लागत नाहीत, नुसती फाईल दिली की ते विणतं. मी शेठना गाठून विचारलं होतं. ते म्हणाले होते, "नारळी पौर्णिमेला कारखाना बंद. दुसऱ्या दिवशी दहा ते बारा मशीन मोकळं हाय, तेवढ्यात काय ते कर. बाराला मोठी ऑर्डर चढली की दिवाळीपर्यंत मशीनला हात लावू देणार नाही." आणि दिवाळीपर्यंत नानांना किती दिसेल हे डॉक्टरही सांगायला तयार नव्हते. मला ते दोन तास हवे होते. नानांना त्यांचा मोर एकदा, डोळे आहेत तोवर, विणताना दाखवायचा होता. नाना स्वतः एका शब्दाने कधी बोलले नव्हते, आणि म्हणूनच मला ते जास्त लागून राहिलं होतं.

तर श्रीधरचं मन राखायला म्हणून मी त्या पट्ट्याचं टोपण काढलं, तो कंप्युटरला लावला आणि फाईल त्यात घातली.

"नाना, तुमचा मोर बसला यात," श्रीधर म्हणाला.

नानांनी पट्टा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चकतीवरून अंगठा फिरवला. "एवढ्यात?"

"अजून हजार मोर बसतील."

नानांनी पट्टा माझ्या हातावर ठेवला.

तो मी सकाळी नऊपासून घातला. पुऱ्यांची कणीक मळताना काढला, कारण त्याच्या फटीत पीठ गेलं. पुन्हा घातला. नारळ खवताना काढला. पुन्हा घातला. भांडी घासताना काढला. घातला तेव्हा आतून घाम येऊन खाज सुटली. अम्मा बघत होती. "हातात घालायची वस्तू घटकेघटकेला हातातून काढायची असेल," ती म्हणाली, "तर ती पिशवीत असली म्हणून काय वाईट?" मला हे इतकं पटलं की बाराच्या सुमाराला मी तो कायमचा काढला आणि देवापुढच्या राखीच्या ताटात ठेवून दिला.

त्या ताटात एक राखी उरलेली होती. आमच्या घरात पहिली राखी मागाला. माग पोसतो, म्हणून त्याचा मान आधी. भावांचे हात नंतर. त्या वर्षी माग नव्हता, तरी अम्माने सवयीने एक राखी जास्त आणली होती. सकाळी तिने ती उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवली.

नारळी पौर्णिमा हा आमचा मोठा सण. सकाळी नवं जानवं, मग मार्कंडेय महामुनींच्या रथाची मिरवणूक. जेवण झाल्यावर नाना टोपी घालून, "रथ बघून येतो," म्हणून निघाले. दोनला लाईट गेली. त्या काळात सणालाही जायची. चारला आली ती अशी आली की ट्यूबलाईट पांढरीफटक झाली आणि कंप्युटरच्या डब्यातून फट् असा आवाज निघाला. पाठोपाठ बारीक धूर.

शेजारच्या गल्लीतल्या मेकॅनिकने डबा उघडून आत नाक घातलं. "गेला."

"हार्ड डिस्क?"

"सगळंच गेलंय अक्का. वास बघ की."

मी अंगणातल्या बंबाकडे पाहिलं. अम्माही तिकडेच पाहत होती. बाराशे चाळीसांतला एक पुठ्ठा उरला नव्हता.

"अक्का," श्रीधर म्हणाला, "पट्टा." आयुष्यात पहिल्यांदा त्याची वस्तू कामाची ठरत होती आणि तरी तो अगदी हळू बोलला, ते मला अजून आठवतं. मी देवापाशी धावले. ताटात कुंकू होतं, अक्षता होत्या, उरलेली राखी होती. पट्टा नव्हता.

मग आम्ही घर उलटं केलं. श्रीधरने पिठाचा डबा परातीत ओतून सगळं पीठ चाळलं. अम्माने उरलेल्या नारळीभाताचं पातेलं ढवळून पाहिलं. "भात करताना तो ताटात होता अम्मा," मी म्हणाले. "तरी बघते," ती म्हणाली. मी गाद्या झटकल्या, मोरी पाहिली, आणि मग सगळा राग श्रीधरवर काढला.

"साधा पेनड्राईव्ह असता तर टेबलावर पडून राहिला असता. मनगटात घालायचा म्हणून दहा वेळा काढावा लागला."

"काढायचाच नव्हता."

"म्हणजे कणीक मळू नको, भांडी घासू नको, नुसती हात वर करून बसू?"

"पुण्यात लोक घालतात."

"पुण्यात लोक कणीक मळत नाहीत?"

त्याच्या भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. एरवी मी पोट धरून हसले असते. पण मला रडू आलं. चार महिन्यांच्या दुपारी, नानांचं ते घासून घासून गुळगुळीत झालेलं बोट आणि उद्याचे दोन तास, सगळं हातचं गेलं होतं.

सहाला नाना आले, कपाळाला गुलाल लावून. श्रीधरने त्यांना काय झालं ते सांगितलं. नाना पाटावर बसले आणि बराच वेळ टोपीच हातात फिरवत राहिले.

"पट्टा म्हणजे तो नारिंगी?"

"हो."

"तो मी नेला."

"कुठं?"

"बांधला."

"कुणाला?"

नानांनी आधी अम्माकडे पाहिलं. "मागाला."

यात अम्माकडे बघण्याचं कारण असं की माग दिल्यावर नाना आठवडाभर रोज दावलभाईंच्या शेडच्या दारात जाऊन उभे राहत. सूत असं लाव, तेल तिथं घाल, असं सांगत. दावलभाईंची बायको दरवेळी चहा करायची. अम्माला त्याची लाज वाटली. "मुलगी दिलेल्या घरी रोज उठून जातं का कुणी?" असं म्हणून तिने त्यांच्याकडून न जाण्याचं कबूल करून घेतलं होतं.

"आजच्या दिवशी त्याचा हात रिकामा कसा ठेवू?" नाना म्हणाले.

"मग राखी होती की ताटात. आणून ठेवलीच होती मी."

"ती दिसली नाही. ही चमकत होती."

त्या डोळ्यांकडे बघून अम्माने तो विषय सोडला. दावलभाई सणाची सुट्टी म्हणून मंडळींसह सासुरवाडीला गेले होते. नानांनी त्यांना अगदी दारात, कुलूप घालताना गाठलं होतं. आता शेड उघडणार ती सकाळी सातला.

"नाना," श्रीधरने विचारलं, "मागाला बांधला म्हणजे नेमका कुठं?"

"हाताला. राखी कुठं बांधतात?"

मागाचा हात म्हणजे आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याला टोला मारणारा लाकडी दांडा. माग चालू झाला की तो सारखा आपटत असतो. श्रीधरने डोळे मिटले. "मिनिटाला शंभर टोले."

"सव्वाशे," नाना म्हणाले. त्या परिस्थितीतही त्यांना मागाचा अपमान सहन झाला नाही.

सकाळी आम्ही तिघं एका स्कूटरवर बसलो. पुढे श्रीधर, मध्ये नाना, मागे मी. निघताना अम्मा बाहेर आली आणि ताटातली उरलेली राखी तिने नानांच्या सदऱ्याच्या खिशात घातली. "काल दिसली नाही म्हणता. आज बघून घ्या."

रस्त्यात सायकलींची गर्दी लागली आणि विडी घरकुलात पोचायला सव्वासात झाले. गल्लीच्या तोंडापासूनच मागांची खटखट ऐकू आली. "चालू झाले," मी म्हणाले.

"थांब," नाना म्हणाले. त्यांनी श्रीधरच्या खांद्यावर हात ठेवून स्कूटर थांबवायला लावली आणि मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले. "शेडमध्ये माग चार हाईत. तीनच वाजायलेत."

"म्हणजे?"

"माझा गप हाय."

तो खरोखरच गप होता. तिन्ही मागांच्या गोंगाटात चौथा उभा, आणि त्याच्यासमोर स्टुलावर दावलभाई चहाचा कप घेऊन बसलेले. नानांना बघून ते उठले.

"या मामा. तुमचीच वाट बघायलोय. काल राखी बांधून गेला तुम्ही. चालू केला असता तर तुटली असती की."

"सोडून ठेवायची होती रे."

"तुम्ही बांधलेली मी कशी सोडू? तुमच्या घरातलं कुणीतरी येईल म्हणून थांबलो."

मागाच्या दांड्यावर तो नारिंगी पट्टा आमच्याकडे बघत होता. चकतीवर कुंकवाचं बोट ओढलेलं आणि त्यात दोन अक्षता चिकटलेल्या. मला इतका आनंद झाला की मी दावलभाईंच्या हातातला कप घेऊन उरलेला चहा पिऊन टाकला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. दावलभाई तर बघतच राहिले. श्रीधर पट्ट्याकडे झेपावला, पण नानांनी त्याला मागे सारलं. पट्टा त्यांनी स्वतः सोडला, चाचपडत, ओढाताण न करता. मग खिशातली राखी काढून मागाच्या खांबाला बांधली, दांड्याला नाही. मागाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले.

"करू चालू?" दावलभाईंनी विचारलं.

"कर."

चौथा आवाज तिघांत मिसळला. नाना तो ऐकत दोन मिनिटं उभे राहिले. मग आम्ही निघालो.

मध्ये घरी चहापाणी उरकून दहाला दहा कमी असताना कोंडाशेठच्या कारखान्यात पोचलो. मशीनवर मल्लेशम नावाचे ऑपरेटर होते. त्यांनी पट्ट्याचं टोपण काढून तो मशीनच्या खोक्यात खुपसला. काही नाही. काढला, परत खुपसला. काही नाही. त्यांनी पट्टा उजेडात धरून आत पाहिलं.

"काय भरलंय हो यात?"

"कणीक," मी म्हणाले.

"आणि कुंकू," नाना म्हणाले.

मल्लेशमनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मी केसातली पिन काढली. वाळलेली कणीक खपली धरून बसली होती. मी कण कण उकरत होते, श्रीधर फुंकत होता आणि भिंतीवरचं घड्याळ साडेदहाकडे चाललं होतं. मला जमेना तशी नानांनी पिन माझ्याकडून घेतली. एवढं बारीक त्यांना दिसत नव्हतंच. त्यांनी पिनेच्या टोकाने आतून चाचपलं, दोनदा खरवडलं, पट्टा तळहातावर आपटला आणि मल्लेशमकडे दिला. "लावा."

पट्ट्यावरचा बारका दिवा लुकलुकला. पडद्यावर एकच फाईल आली, नानामोर नावाची. श्रीधर तिथेच फरशीवर बसला.

मशीन चालू झालं. आधी तळ्याचं पाणी आलं, मग मोरांचे पाय. त्या मशीनचा वेग नानांच्या मागाच्या दुप्पट. नाना कापडापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन उभे होते. मी मशीनकडे पाहतच नव्हते, मी त्यांच्याकडे पाहत होते. कमळ उमललं, माना वर आल्या, पिसारा सुटायला लागला. नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला. मग समोर गुंडाळत येणाऱ्या कापडावर त्यांनी तळहात टेकवला, आणि त्यांचं ते बोट चालायला लागलं. ओठ हलत होते. भोक, भोक, कोरं, भोक.

पिसाऱ्यावर बोट थांबलं. "भाग्या, इथं चुकलीस."

मी कापडावर वाकले. "कुठं?"

"वरनं तिसरा डोळा. एक भोक कमी. इथं तू शिंकली होतीस. मी थांबलो आणि तू पुढं गेलीस."

मल्लेशमनी वाकून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही, मलाही नाही. तरी ते आदराने म्हणाले, "दुरुस्त करू का मामा? पाच मिनिटांचं काम."

"नको. तीस वर्षांत माझा मोर एकदा शिंकला नव्हता. आता शिंकू दे."

सगळ्यात आधी मल्लेशम हसले, मग आम्ही. हसता हसता मी नानांना विचारलं, "पण दिसला का?"

"दिसला."

"नीट?"

"सगळा दिसला. कमळाच्या देठासकट."

मी रडले. श्रीधरही रडला, आणि त्याच्या कानात अजून पीठ होतं.

बाराला दहा कमी असताना चादर मशीनवरून उतरली. फाईल कारखान्याच्या कंप्युटरवर घेतली, श्रीधरने तिच्या तीन सीड्या करून घेतल्या. दोन माझ्याकडे दिल्या, एक स्वतःच्या बॅगेत टाकली. चादर घडी घालून नानांच्या मांडीवर ठेवली. नानांनी ती बाजूला ठेवली आणि हात पुढे केला.

"पट्टा दे."

"कशाला नाना?"

"परत बांधायचा हाय."

"राखी बांधलीत की सकाळी," मी म्हणाले. "साधी. अम्माची."

नाना थोडे गोंधळले. मग म्हणाले, "अम्माला सांगू नका. काल ती राखी मला दिसली होती."

"मग?"

"श्रीधर म्हणला ना, मोर यात बसला म्हणून. तीस वर्षं तो मोर कुणी विणला? त्या मागानं. आता नुसते टॉवेल विणायलाय. मोर कुठं गेला म्हणत असंल." त्यांनी पट्ट्याच्या चकतीवरून अंगठा फिरवला. "म्हणलं, त्याचा मोर त्याच्या हाताला बांधून यावं."

मग श्रीधर माझ्या कानाशी आला. "आता तरी सांग अक्का. ही वस्तू उपयोगाची हाय का नाही?"

"माणसाला नाही," मी म्हणाले. "मागाला हाय."

त्याला सोळा वर्षं झाली. मोराच्या चादरी पुढे कोंडाशेठनी पुष्कळ काढल्या आणि प्रत्येकीवर तो मोर तिसऱ्या डोळ्यात शिंकतो. श्रीधर अजूनही सणाला काहीतरी अंगावर घालायचं आणतो. मागच्या खेपेला अंगठी होती. अम्माने ती घातली आणि दुसऱ्या दिवशी डाळीत सापडली.

नारळी पौर्णिमेला आम्ही सगळे दावलभाईंच्या शेडवर जातो, अम्मासुद्धा. ते आता आमच्यासाठी सणाला शेड उघडी ठेवतात, आणि आमची राखी बांधून होईपर्यंत चौथा माग सुरू करत नाहीत. खांबावर सोळा वर्षांचे दोरे आहेत, आणि त्यांच्या मध्ये रंग उडालेला तो पट्टा. श्रीधर तो सोडतो, लॅपटॉपला लावतो. नानांना आता काहीच दिसत नाही. ते मागावर हात ठेवून उभे असतात.

"हाय का?" ते विचारतात.

"हाय, नाना."

"शिंकायलाय?"

"शिंकायलाय."

"मग कर चालू," ते दावलभाईंना म्हणतात.